घरचें दप्तर आणि विजेचें बिल

पूर्वीं आपल्या घरांत माळ्यावर किंवा फडताळांत एक दप्तर असे. जाड फडक्यांत घट्ट बांधलेल्या त्या रुमालांत जमिनीचे उतारे, कुंडल्या, जमाखर्चाच्या वह्या, एखाद्या पूर्वजाच्या हातची पोथी आणि दोनचार पिवळे पडलेले फोटो एवढा ऐवज सुखानें नांदे. त्याला वीज लागत नसे. जागा पुरत नाहीं अशी त्याची तक्रारहि कधीं ऐकूं येत नसे. वाळवी आणि पाऊस हेच काय ते त्याचे शत्रु.

आजच्या सुशिक्षित घराचें दप्तर कोठें आहे, असें कोणीं विचारलें तर उत्तर देणें सोपें नाहीं. मुंजीचे फोटो थोरल्याच्या मोबाइलमध्यें, लग्नाची फिल्म एका जुन्या सीडीवर, आजीच्या तोंडच्या ओव्या कोणा नातवाच्या लॅपटॉपवर आणि घराच्या कराराची प्रत ई-मेलमध्यें, अशी त्याची पांगापांग झालेली असते. त्यांतच २०२१ सालच्या १ जूनपासून गूगल कंपनीनें फोटो विनामूल्य व अमर्याद ठेवून घेण्याची सवलत बंद केली, आणि नवे फोटो १५ गिगाबाइटांच्या सामाईक मर्यादेंत धरले जाऊं लागले. अशा वेळीं हौशी गृहस्थ घराच्या एका कोपऱ्यांत लहानसा संगणक रात्रंदिवस चालूं ठेवतात. घरांतील सर्वांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप त्यांत जाऊन बसतात, आणि परदेशीं गेलेल्या मुलीलाहि ते तेथून पाहतां येतात. यालाच घरगुती सर्व्हर म्हणतात. नांव नवें असलें तरी वस्तु जुनीच आहे: तें घरचें दप्तर होय.

ज्यांनीं असा सर्व्हर मांडला, त्यांच्यापुढें दोनतीन वर्षांत एकच प्रश्न उभा राहतो. जागा संपली, आतां नवी हार्ड डिस्क कोणती घ्यावी? यंत्र अहोरात्र चालणारें, म्हणून वीज कमी खाणारी डिस्क हवी असें जो तो म्हणतो. ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु वीज खरोखर कोठें वाचते आणि कोठें वाचल्याचा नुसता भास होतो, हें कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावांचून कळत नाहीं. या लेखांत आम्हीं तेंच करावयाचें योजिलें आहे.

डिस्क वीज कां खाते?

हार्ड डिस्कच्या पोटांत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या एका कण्याभोंवतीं अखंड फिरतात, आणि त्यांच्यावरून, त्यांना न टेकतां, वाचणारें-लिहिणारें टोंक सरकत असतें. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें अशी पहिली डिस्क प्रचारांत आणली, तेव्हां तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व ज्या यंत्रांत त्या बसविल्या होत्या त्याचें वजन सुमारें एक टन होतें. इतक्या खटाटोपानें तिच्यांत अक्षरें मावत ती अवघीं ५० लक्ष, म्हणजे आजच्या मोबाइलनें काढलेला एखाददुसरा फोटो!

तबकड्या फिरत्या ठेवण्यास लागणारी वीज बव्हंशीं हवेशीं झगडण्यांत जाते. हवेचा हा अडथळा वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणांत वाढतो. मिनिटास ७२०० फेरे घेणारी डिस्क ५४०० फेऱ्यांच्या डिस्कहून एकतृतीयांशानेंच अधिक वेगवान असते. पण हवेशीं झगडण्याचा तिचा खर्च सवादोन पटींहून अधिक होतो. तबकडीचा व्यास वाढला तर हा खर्च त्याहूनहि झपाट्यानें चढतो. म्हणून लहान तबकडी आणि मंद गति हीं काटकसरीचीं पहिलीं दोन लक्षणें. तिसरा मार्ग हवाच काढून टाकण्याचा. २०१३ सालीं एच. जी. एस. टी. कंपनीनें हेलियम वायु भरलेली सीलबंद डिस्क बाजारांत आणली. हेलियमची घनता हवेच्या सुमारें एकसप्तमांश असल्यामुळें तबकड्यांची संख्या वाढूनहि विजेचा खर्च आटोक्यांत राहतो. आज बाजारांत मिळणाऱ्या फार मोठ्या डिस्का बहुधा याच जातीच्या असतात.

आतां स्थूलमानाचे आंकडे पाहूं. साडेतीन इंची, ५४०० फेऱ्यांच्या वर्गांतील ४ टेराबाइटची डिस्क नुसती फिरत असतां तीन ते चार वॅट आणि काम करीत असतां पांचाच्या आसपास वॅट घेते. ७२०० फेऱ्यांची मोठी डिस्क नुसती फिरतांना पांचसहा, आणि काम करतांना सात ते नऊ वॅट घेते. लॅपटॉपमध्यें बसणारी अडीच इंची डिस्क एक-दोन वॅटांवर भागविते. आणि जींत फिरणारें कांहींच नाहीं अशी एस. एस. डी. स्वस्थ असतां बहुधा एका वॅटाहूनहि कमी घेते. मात्र तेवढ्याच जागेसाठीं तिला दाम कितीतरी अधिक मोजावे लागतात.

वेष्टनावर छापलेल्या वर्गावर मात्र विसंबूं नये. ५४०० फेऱ्यांचा ‘वर्ग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं डिस्का प्रत्यक्षांत ७२०० फेरे घेतात, असें २०२० सालीं उघडकीस आलें होतें. कंपनीच्या माहितीपत्रकांत नुसत्या फिरण्याचे व कामाचे वॅट वेगवेगळे दिलेले असतात. ते दोन आंकडे पाहावे, आणि सर्व्हरच्या बाबतींत पहिल्याला अधिक महत्त्व द्यावें. कारण घरचा सर्व्हर दिवसाचे बहुतेक तास कामावांचूनच बसलेला असतो.

एका वॅटाचा हिशेब

वर्षाचे तास ८,७६०. तेव्हां एक वॅट वर्षभर अखंड चालला तर पावणेनऊ युनिट होतात. एका युनिटाची किंमत काय, हें ज्याचें त्यानें आपल्या बिलावरून काढावें. पण तें काढण्याची रीत समजून घेतली पाहिजे. महावितरणच्या घरगुती बिलांत पहिले १०० युनिट एका दरानें, १०१ ते ३०० दुसऱ्या, त्यापुढें ५०० पर्यंत तिसऱ्या आणि त्याहून पुढचे चौथ्या दरानें आकारले जातात. (कळवा, मुंब्रा, शीळ या भागांत बिल टोरेंट पॉवरकडून येत असलें तरी दर महावितरणचेच.) दिवे, पंखे, फ्रीज हे घरांत आधींपासूनच आहेत. सर्व्हर मागाहून आला, तेव्हां त्याचे युनिट सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसतात. महिना २५० युनिट जाळणाऱ्या घरानें सर्व्हरचा हिशेब पहिल्या शंभरांच्या स्वस्त दरानें केला, तर तो चुकलाच म्हणून समजावें. आपल्या शेवटच्या पायरीचा दर घ्यावा, त्यांत वहन आकार व इंधन समायोजन आकार मिळवावा, आणि त्या बेरजेवर १६ टक्के विद्युत शुल्क चढवावें. स्थिर आकार मात्र धरूं नये, कारण तो सर्व्हर नसतांहि भरावा लागतोच.

या रीतीनें हिशेबापुरता युनिटाचा दर १२ रुपये धरूं. म्हणजे एक वॅट वर्षाला सुमारें १०५ रुपयांस पडतो. मंद डिस्क आणि वेगवान डिस्क यांच्यांत दोन वॅटांचें अंतर असलें, तर वर्षाला २१० रुपयांचा आणि पांच वर्षांत हजार-अकराशें रुपयांचा फरक. हा फरक अगदींच उपेक्षणीय नाहीं. पण त्यासाठीं झोंप उडवून घ्यावी इतका मोठाहि नाहीं.

आतां दुसरीकडे पाहूं. पुष्कळ घरांत जुना डेस्कटॉप संगणक टाकून देणें जिवावर येतें, म्हणून त्याचाच सर्व्हर करतात. असा संगणक स्वस्थ बसूनहि ५० वॅट सहज घेतो. हातभर जागेंत मावणारा मिनी संगणक तेंच काम १० वॅटांत करतो. अंतर ४० वॅटांचें, म्हणजे वर्षाला ३५० युनिट आणि ४,२०० रुपये! डिस्कच्या दोन वॅटांसाठीं बाजार पालथा घालणाऱ्या गृहस्थानें आधीं आपला जुना संगणक किती खातो तें मोजावें. भिंतीवरील प्लगांत लावून वॅट दाखविणारें लहानसें मीटर यासाठीं पुरेसें होतें.

डिस्कांच्या संख्येचीहि तीच गोष्ट. चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्का सात वॅट घेतील, तर आठ टेराबाइटची एकच मंद डिस्क चारांच्या आसपास. जागा तेवढीच आणि वीज जवळजवळ निम्मी. म्हणून जुन्या लहान डिस्काच्या शेजारीं आणखी एक लहान डिस्क लावण्यापेक्षां, दोहोंचें काम करणारी एक मोठी घ्यावी व जुनीला निवृत्त करावें. निवृत्त झालेल्या डिस्कला काय काम द्यावें, तें पुढें सांगतों.

तिसरा उपाय झोंपेचा. अर्धा-पाऊण तास कोणी न बोलाविल्यास डिस्कनें फिरणें थांबवावें, अशी व्यवस्था सर्व्हरमध्यें करतां येते. दिवसांतून सहा तास जागी व अठरा तास निजलेली डिस्क वर्षाकांठीं वीसएक युनिट वाचविते. मात्र झोंप मोडून वारंवार उठविणें माणसाला जसें मानवत नाहीं, तसें डिस्कलाहि नाहीं. उठतांना साडेतीन इंची डिस्क कांहीं क्षण २० वॅटांहून अधिक ओढते आणि तिच्या यंत्राला ताण पडतो. २००७ सालीं निघालेल्या ‘ग्रीन’ या नांवाच्या डिस्का अवघे आठ सेकंद काम न मिळाल्यास आपलें टोंक बाजूला नेऊन ठेवीत. अशा उचल-ठेवीची मर्यादा तीन लक्ष वेळां धरलेली. आणि दर दोन मिनिटांस जरी एकदां असें झालें, तरी ही मर्यादा सव्वा वर्षाच्या आंतच संपते. काटकसर अंगलट येते ती अशी. म्हणून डिस्कनें दिवसांतून चारसहा वेळां उठावें, त्याहून अधिक नव्हे, असा बेत ठेवावा.

कौलारू डिस्क

काटकसर करतांना दुसरा एक खड्डा टाळला पाहिजे. कोंकणांतील घराचें छप्पर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना तो चटकन समजेल. कौलें एकावर एक किंचित् चढवून बसविलेलीं असतात. मधलें एक कौल फुटलें तर तें एकटें काढतां येत नाहीं. त्याच्यावर चढलेलीं कौलें आधीं उचलावीं लागतात. कांहीं डिस्कांवर लेखनाच्या रेघा अशाच एकमेकींवर चढवून आंखतात. त्यामुळें तेवढ्याच तबकडीवर मजकूर अधिक मावतो, तबकड्या कमी लागतात आणि वीजहि वाचते. पण मधला मजकूर बदलावयाचा झाला कीं शेजारचा सगळा पट्टा पुन्हां लिहावा लागतो. या पद्धतीस एस. एम. आर. म्हणतात. रेघा सुट्या ठेवणारी जुनी पद्धत ती सी. एम. आर.

फोटो एकदां ठेवले आणि मग नुसते पाहिले, एवढ्या कामाला कौलारू डिस्क चालते. परंतु दोन-तीन डिस्का जुंपून एकीची उणीव दुसरीनें भरून काढावयाची, अशी जी रेड नांवाची योजना आहे, तिच्यांत ती अडखळते. नव्या डिस्कवर सगळा मजकूर उतरवून घेण्यास तिला अतोनात वेळ लागतो, आणि नेमका तोच काळ जोखमीचा असतो. २०२० सालच्या एप्रिलमध्यें वेस्टर्न डिजिटल कंपनीनें आपल्या ‘रेड’ मालिकेंतील २ ते ६ टेराबाइटच्या कांहीं डिस्का कौलारू असल्याचें मान्य केलें. पुढें सुट्या रेघांच्या डिस्कांना ‘रेड प्लस’ असें वेगळें नांव देण्यांत आलें. अडीच इंची मोठ्या डिस्का तर बहुतेक सर्व कौलारूच असतात. तेव्हां एक-दोन वॅटांवर भागविणारी ती लहानखुरी डिस्क मोहक दिसली, तरी सर्व्हरच्या मुख्य जागीं तिला बसवूं नये. तेथें सुट्या रेघांची, मंद गतीची, साडेतीन इंची डिस्कच योग्य.

न फिरणारी डिस्क

एवढ्यानें निवड झाली असें वाटेल. पण खरा प्रश्न येथेंच सुरू होतो. बॅकब्लेझ नांवाची अमेरिकन कंपनी आपल्याकडील लक्षावधि डिस्कांचे मरणवृत्त २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. तिच्या अलीकडच्या आंकड्यांवरून पाहतां वर्षाला दर शंभरांत एक ते दोन डिस्का बिघडतात. हें प्रमाण अल्प दिसतें. परंतु आपल्या घरीं डिस्क एकच असते, आणि ती शंभरांतली कितवी हें आधीं कोणी सांगूं शकत नाहीं. गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं केलेल्या पाहणींत बिघडलेल्या डिस्कांपैकीं पुष्कळशांनीं कोणतीहि पूर्वसूचना दिली नव्हती असें आढळलें. दोन वॅट वाचले आणि आजीच्या ओव्या गेल्या, तर त्या काटकसरीला काय म्हणावें?

आणि डिस्क न बिघडतांहि दप्तर जाऊं शकतें. २००५ च्या २६ जुलैचा पाऊस आपल्या भागांत कोण विसरेल? त्या दिवशीं सांताक्रुझ येथें ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर, कल्याणकडील सखल वस्त्यांतील तळमजले गिळले. ओल्या अल्बमांचीं पानें दोरीवर वाळत घालणारीं घरें त्या आठवड्यांत पुष्कळ होतीं. २०१९ च्या २७ जुलैस याच नदीच्या पाण्यांत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजारभर उतारूंची सुटका करावी लागली. विजेचाहि भरंवसा नाहीं. २०२० च्या १२ ऑक्टोबरला सकाळीं कळवा-पडघा येथील वीजवाहिन्यांच्या बिघाडापासून सुरू झालेल्या खंडणानें मुंबई व ठाणें शहर एकदम थबकलें. लोकलगाड्यासुद्धां उभ्या राहिल्या. अशा अकस्मात् बंद पडण्यानें अर्धवट लिहिलेला मजकूर बिघडतो, म्हणून सर्व्हरला लहानसें यु. पी. एस. अवश्य जोडावें. पण पुरावर, आगीवर आणि चोरीवर यु. पी. एस. हें औषध नव्हे. आणि एकाच पेटींत शेजारीं शेजारीं फिरणाऱ्या दोन डिस्काहि नव्हेत. त्या दोघी एकाच पाण्यांत बुडतात. शिवाय चुकून पुसलेला फोटो त्या दोहोंवरूनहि एकदमच पुसला जातो.

यावर उपाय एकच: दुसऱ्या घरांतली दुसरी प्रत. आणि गंमत अशी कीं, सर्वांत कमी वीज खाणारी डिस्कहि हीच. ती महिनेन् महिने फिरतच नाहीं. वर सांगितलेल्या निवृत्त डिस्कला, ती धडधाकट असेल तर, हेंच काम द्यावें. मोठा मजकूर तिच्यांत मावत नसेल तर पहिल्यानें कागदपत्रें, ध्वनिमुद्रणें व घरचे निवडक फोटो घ्यावे. बाजारांत पुन्हां मिळणारे चित्रपट वगळावे. कौलारू डिस्क येथें निर्वेधपणें चालते. एस. एस. डी. मात्र येथें नको: तिची झीज पुरी झाली म्हणजे विजेवांचून ३० अंश तपमानांत एक वर्षच मजकूर टिकावा, एवढीच अपेक्षा त्या व्यवसायाच्या मानकांत धरलेली आहे, आणि आपल्याकडील उन्हाळा ३० अंशांवर थोडाच थांबतो?

हें दुसरें घर कोठलें? आपल्या लोकांना तें शोधीत जावें लागत नाहीं. भाऊ नौपाड्यांत, बहीण डोंबिवलीस, काका कल्याणांत, अशी बहुतेक घरांची वांटणी रेल्वेच्या रुळांवरच झालेली आहे. ठाण्याची प्रत डोंबिवलीस आणि डोंबिवलीची ठाण्यास, असा परस्परांचा ठेवा सांभाळावा. दिवस ठरविण्यासाठीं निराळें पंचांग नको: संक्रांत, गुढीपाडवा, गणपति आणि भाऊबीज या चार सणांना माणसें एकमेकांकडे जातातच, त्या वेळीं डिस्क घरीं न्यावी, नवा मजकूर चढवावा आणि पुढच्या भेटींत परत पोंचवावी. लोकलच्या गर्दींत ती जाड फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवावी. तेथें गेल्यावरहि तळमजल्याच्या कपाटांत नको, वरच्या मजल्यावर, ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत हवी. आणि खंडेनवमीला आपण यंत्रांची पूजा करतोंच. त्या दिवशीं ही प्रत प्रत्यक्ष उघडून दहा-वीस फोटो पाहावे. न उघडलेली प्रत असून नसून सारखीच. ठाणें आणि कल्याण एकाच पावसांत भिजतात हेंहि खरें. म्हणून अगदीं निवडक कागदांची तिसरी लहान प्रत पुण्याकडील किंवा परगांवच्या नातलगाकडे असल्यास उत्तम.

विकत घेतांना व नंतर

डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन खरेदी करावी, आणि तिच्या अनुक्रमांकावरून हमीची मुदत कंपनीकडे लगेच पडताळून पाहावी. २०२५ सालच्या आरंभीं जर्मनींत वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचें उजेडांत आलें. त्यांच्या कामाच्या तासांची नोंदहि पुसलेली होती. म्हणून भाव फारच उतरलेला दिसला, तर आनंदाआधीं शंका यावी. डिस्क घरीं आणल्यावर एकदां संपूर्ण वाचून तपासावी आणि मगच तिच्यावर मजकूर ठेवावा. सर्व्हर बंद लांकडी कपाटांत कोंडूं नये. खर्च होणारा प्रत्येक वॅट शेवटीं उष्णतेच्या रूपानेंच बाहेर पडतो, आणि मे महिन्यांत त्यांत भर घालण्याची गरज नसते.

शेवटचा मुद्दा वॅटांचा नाहीं, माणसांचा आहे. दुसऱ्या घरीं ठेवलेली प्रत पासवर्डानें कुलूपबंद असणें योग्यच; पण तो पासवर्ड घरांत एकाच माणसाच्या डोक्यांत असतो. तो माणूस आजारी पडला किंवा राहिलाच नाहीं, तर लाखों फोटो हातांत असून डोळ्यांना दिसत नाहींत. जुन्या दप्तराची गांठ घरांतील कोणालाहि सोडतां येत असे. नव्या दप्तराचीहि तशीच आली पाहिजे. एका कागदावर पासवर्ड, प्रत कोठें आहे तें ठिकाण आणि ती उघडण्याची रीत स्वच्छ अक्षरांत लिहावी. विम्याचे कागद जेथें असतात तेथें तो लिफाफा ठेवावा. आणि घरांतील आणखी दोघांकडून ती प्रत एकदां उघडवून घ्यावी.

तात्पर्य, कमी विजेची डिस्क अवश्य घ्यावी. ती मंद गतीची, सुट्या रेघांची आणि शक्य तों एकच मोठी असावी. जुना संगणक बदलून व झोंपेची व्यवस्था लावून जे रुपये वर्षाकांठीं उरतील, त्यांतून दुसऱ्या प्रतीचा खर्च निघतो. येत्या सणाला बहिणीकडे जातांना पिशवींत फराळाच्या डब्याशेजारीं आणखी एक डबा असला, म्हणजे हा विषय आपल्या घरापुरता सुटला असें समजण्यास हरकत नाहीं.